स्क्रू फिरवत काढलेलं चित्र

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'निवृत्तीनंतरचा उद्योग'. माझा उद्योग तिकडे मागच्या बाकावर कापड टाकून ठेवलाय. कृपया कुणी हात लावू नका.

सरांना आठवत नसेल, मला आठवतंय. नववीत मी घरच्या कणगीतला सोंडकिडा काडेपेटीतून आणला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वरून बॅटरीचा उजेड पाडला. सोंड स्पष्ट दिसली की पाठ धूसर, पाठ स्पष्ट केली की सोंड गायब. शेवटी बारीक स्क्रू फिरवत फिरवत मी अख्खा किडा वहीत उतरवला. सर म्हणाले, "हे सगळं एकदम दिसलं का तुला?" मी म्हटलं, नाही. "मग दिसलं तेवढंच काढ." दहापैकी चार गुण मिळाले.

पुढे पिरंगुटला सीएनसीवर नोकरी झाली. निवृत्तीनंतर छंद म्हणून छोटं 3018 यंत्र घेतलं. टेबल 30 बाय 18 सेंटिमीटरचं, लाकडावर नक्षी कोरायला. पण डोक्यात तो किडा होताच. कोरणारी मोटर काढली. तिथे कॅमेरा पक्का बसवला, त्याला सूक्ष्मदर्शकाचं 4 एक्स भिंग लावलं, आणि किडा सुईच्या टोकावर चिकटवून सरकत्या टेबलावर उभा केला. जड वस्तू स्थिर ठेवायची, हलकी हलवायची.

या भिंगात एका वेळी साधारण 55 मायक्रॉन जाडीचाच थर स्पष्ट दिसतो. म्हणून टेबल दर वेळी 40 मायक्रॉन पुढे सरकतं, म्हणजे थर एकमेकांवर थोडे चढतात. यंत्राचा स्क्रू एका फेऱ्यात 4 मिलिमीटर सरकवतो आणि मोटर त्या फेऱ्याचे 3200 भाग करते. एक भाग सव्वा मायक्रॉनचा. हे कागदावर, स्वस्त स्क्रू इतका प्रामाणिक नसतो. नटात ढिलाई असते, म्हणून टेबल आधी बरंच मागे न्यायचं आणि मग एकाच दिशेने पुढे आणायचं. मध्ये उलटं फिरवलं की हिशेब चुकला.

कॅमेऱ्याचं बटण दाबायला वेगळं काही लागलं नाही. कोरणारी मोटर सुरू करायची एम3 ही आज्ञाच आता फोटो काढते. मध्ये ऑप्टोकपलर घातलाय, नाहीतर यंत्राचे 24 व्होल्ट कॅमेऱ्यात शिरतील. सरकायचं, तीन सेकंद थांबून थरथर जिरू द्यायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकायचं. सोंडेच्या टोकापासून पाठीपर्यंत 2.4 मिलिमीटरला 61 फोटो. मग संगणक प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग उचलून एक चित्र करतो.

पहिल्याच दिवशी मी अधिकच्या जागी उणे लिहिलं. किडा थेट भिंगावर जाऊन चपटा झाला. आयुष्यभर पोरांना 'चिन्ह बघ' म्हणून ओरडणारा मी! आता तिथे लिमिट स्विच आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते तेव्हा यंत्र आपली जागा विसरतं आणि चाळिसाव्या फोटोवरून पुन्हा पहिल्यावर यावं लागतं. त्यासाठी इन्व्हर्टर जोडलाय.

पण सर, तुमचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हे चित्रही कुणाला एकदम दिसलेलं नसतं. जिथे केस एकमेकांवरून जातात तिथे संगणक गोंधळतो, नसलेली कडा काढतो. मी वहीत तो केस पुढे आणि हा मागे हे समजून काढलं होतं. त्याला ते समजत नाही. म्हणून प्रत्येक चित्राखाली मी '61 फोटोंतून जुळवलेलं' असं लिहितो, आणि शंका वाटली तर मूळ फोटो उघडून बघतो.

जेवणानंतर प्रयोगशाळेत यंत्र सुरू करतो. पंखा बंद ठेवावा लागेल आणि बाकाला टेकू नका. कुणाला मेलेली मुंगी वगैरे सापडली तर आणा. जिवंत चालत नाही, मिशा हलवते. सर, पहिलं बटण तुम्ही दाबायचं. गुणांचं नंतर बघू.