नुकसानभरपाईचा दावा आणि जाणकाराची मदत



संस्थेने आम्हांला दिलेला विषय रुक्ष आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. विमा म्हटले की आपल्या मंडळींना आयुर्विमा आठवतो. घराचा, दुकानाचा विमा ही मोठ्या लोकांची गोष्ट, असा एक समज आहे. आम्ही म्हणजे मार्गदर्शन समितीतील चौघेजण. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी विमा कंपनीत टेबलावर बसून कागद हाताळलेले. आम्ही वकील नाही. परंतु गेल्या काही वर्षांत जे कागद आमच्यासमोर आले, त्यांवरून चार गोष्टी सांगतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड बुडाले. या प्रत्येक वेळी आपल्या समाजबांधवांच्या तोंडून एकच वाक्य ऐकले, "तलाठ्याने पंचनामा केला आहे, आता भरपाई येईल." येथेच पहिली चूक होते. तलाठ्याचा पंचनामा हा सरकारी मदतीसाठी असतो. ती मदत वेगळी, तिचे निकष वेगळे. विमा कंपनीला त्या पंचनाम्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो, पण त्याने दावा दाखल होत नाही. दावा आपण स्वतः, लेखी, कंपनीकडे करावा लागतो.

महाडच्या एका बांधवांची हकिगत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. तयार कपड्यांचे छोटे दुकान, मालावर बँकेचे कर्ज. सावित्रीचे पाणी शिरले ते थेट माळ्याच्या फळीपर्यंत. दोन दिवसांनी पाणी ओसरले तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल. नगरपालिकेची गाडी कचरा उचलायला आली, तेव्हा त्यांनी निम्मा माल तिच्यात टाकला. त्यांच्या भाच्याने मोबाईलवर फोटो काढून ठेवले म्हणून बरे. आपल्या दुकानाचा विमा आहे, हेच त्यांना माहीत नव्हते! वीस दिवसांनी पासबुक भरून आणले, तेव्हा त्यात विम्याचा हप्ता कापल्याची नोंद दिसली. पॉलिसी बँकेच्या फायलीत होती. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी कर्ज काढले आहे, त्यांनी उद्याच बँकेत जाऊन तिची प्रत मागून घ्यावी. विमा मालाचा आहे की इमारतीचाही, रक्कम किती, मुदत कधी संपते आणि भरपाई कोणाच्या खात्यात जाणार, हे पाहून घ्यावे. बँकेचे नाव पॉलिसीवर असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

दावा उशिरा केला म्हणून कंपनीने प्रथम कुरकुर केली. परंतु टाळता न येण्याजोग्या कारणाने उशीर झाला असेल तर केवळ तेवढ्यावरून खरा दावा फेटाळू नये, अशी सूचना विमा नियामक प्राधिकरणाने २०११ साली सर्व कंपन्यांना दिलेली आहे. तिचा उल्लेख करून पत्र लिहिले. कंपनीने सर्व्हेअर पाठवला.

हा सर्व्हेअर कोण, ते नीट समजून घेतले पाहिजे. ठराविक रकमेपेक्षा मोठे नुकसान असेल, तर परवानाधारक सर्व्हेअरकडून त्याची पाहणी व्हावी लागते. विमा कायदा, १९३८ मधील ६४ यूएम या कलमात ती तरतूद आहे. सर्व्हेअर कंपनीचा नोकर नसतो. त्याने तटस्थ राहून नुकसान मोजावयाचे असते. मात्र व्यवहारात त्याला नेमते कंपनी आणि शुल्कही देते कंपनीच. तो आपला वकील नव्हे आणि आपला शत्रूही नव्हे. चहा पाजून त्याला खूश करण्यापेक्षा त्याच्यापुढे कागद ठेवावेत. त्याच्या अहवालाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. तो अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले आहे.

महाडच्या प्रकरणात सर्व्हेअरने १ लाख ९० हजारांचे नुकसान धरले. त्याचेही चुकले असे म्हणता येत नाही. जो माल समोर होता तो त्याने मोजला, टाकून दिलेल्या मालाचा पुरावा त्याला दिसला नाही. खरेदीच्या पावत्या भिजून लगदा झालेल्या. आमचे बांधव सही करायला निघाले होते. आम्ही त्यांना थांबवले आणि एका सनदी लेखापालाकडे पाठवले.

त्या लेखापालांनी काय केले, ते वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्ष देऊन ऐकावे. त्यांनी बँकेला दर महिन्याला दिलेली मालसाठ्याची पत्रके मागवली. ३१ मार्चचा साठा ५ लाख ४० हजार. घाऊक व्यापाऱ्यांकडून खात्याचे उतारे आणि वाहतूकदाराकडून पावत्या आणल्या. एप्रिलपासूनची खरेदी १ लाख १० हजार. टाळेबंदीमुळे विक्री जेमतेम १ लाख, तिच्यातला वीस टक्के नफा वजा करता मूळ किंमत ८० हजार. म्हणजे पुराच्या दिवशी दुकानात ५ लाख ७० हजारांचा माल होता. माळ्यावर कोरडा राहिलेला ७० हजारांचा. बाकी ५ लाखांचा भिजला. धुऊन विकता येईल अशा कपड्यांचे ६० हजार धरले. नुकसान ४ लाख ४० हजार. सोबत भाच्याचे फोटो तारखेसह जोडले. सर्व्हेअरने दोन वेळा शंका विचारल्या आणि पुरवणी अहवाल दिला. पॉलिसीतील ठरलेली वजावट जाऊन ४ लाखांच्या थोडे वर मंजूर झाले. लेखापालांनी घेतले १२ हजार.

आणखी एक गृहस्थ त्या काळात महाडच्या गल्लीगल्लीतून फिरत होते. "दावा पास करून देतो, वीस टक्के द्या," म्हणून कोऱ्या कागदावर सह्या घेत होते. अमेरिकेत विमेदाराच्या बाजूने नुकसान मोजणारे, टक्केवारीवर काम करणारे परवानाधारक व्यावसायिक असतात. आपल्याकडच्या या फिरत्या माणसांना कसलाही परवाना नसतो. कोऱ्या कागदावर सही, मूळ पॉलिसी आणि मूळ पावत्या कोणाच्याही हाती देऊ नयेत. फी आधी ठरवावी, शक्यतो ठोक रकमेत आणि लेखी.

मग मदत घ्यावी कोणाची? सगळ्यांना सगळ्याची गरज नसते. पंखा, टीव्ही, दोन गाद्या एवढेच नुकसान असेल तर व्यावसायिकाची फी देणे परवडत नाही. चार फोटो आणि एक यादी पुरे. भिंतीला तडे गेले, पाया खचला, तर स्थापत्य अभियंत्याचा अंदाज घ्यावा. घरगुती विम्याची 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. तिच्यात दुरुस्तीसाठी लागणाऱ्या वास्तुविशारद, अभियंता यांच्या फीपोटी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि ढिगारा उचलण्यासाठी २ टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. हे पैसे लोक मागतच नाहीत, कारण पॉलिसी कोणी वाचत नाही. आम्हीही नोकरीत असताना स्वतःच्या घराची वाचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

पॉलिसी दलाल म्हणजे ब्रोकरमार्फत घेतली असेल तर दाव्यात मदत करणे हे त्याचे काम आहे, आणि तो ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. एजंट कंपनीचा असतो. हा फरक लक्षात ठेवावा.

दुकानदारांनी आणखी एक हिशेब समजून घ्यावा. माल १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचाच असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला १ लाखच मिळतो. कमी विमा उतरवला, म्हणजे तेवढ्या भागाची जोखीम स्वतःकडे ठेवली, असे धरले जाते. कितीही हुशार लेखापाल आणला तरी ही कात्री चुकत नाही. महाडच्या बांधवांचा विमा ६ लाखांचा होता, म्हणून ते वाचले.

दावा नाकारला किंवा कमी दिला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्यावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत. फी लागत नाही, वकील चालत नाही, आपली बाजू आपणच मांडावयाची. मर्यादा पूर्वी ३० लाख होती, २०२३ साली ती ५० लाख झाली. घरमालक, एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांना ही वाट खुली आहे. दुसरी वाट ग्राहक आयोगाची, दोन वर्षांच्या आत. रक्कम मोठी असेल आणि गुंतागुंत असेल तर तेथे मात्र वकील घ्यावा. "पूर्ण व अंतिम" असे लिहिलेल्या पावतीवर फसवून किंवा दबावाने सही घेतली असेल, तर तेवढ्याने ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निर्णय आहे. पण दबाव होता हे सिद्ध करावे लागते, म्हणून सहीपूर्वीच हरकत लिहिलेली बरी.

विद्यार्थ्यांसाठी थोडे. अभियांत्रिकी, लेखापालन या शाखांतून पुढे सर्व्हेअर होता येते. प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, परीक्षा आणि मग प्राधिकरणाचा परवाना, असा तो मार्ग आहे. मुंबईच्या भारतीय विमा संस्थेतर्फे परीक्षा होतात. आपल्या मुलांपैकी फार थोडे या धंद्यात आहेत. पुराच्या वेळी आमच्या समितीला एकही ओळखीचा सर्व्हेअर सापडला नाही, साधा सल्ला विचारायलासुद्धा.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी आपल्या विहाराची पॉलिसीही आम्ही कपाटातून काढून पाहिली. तिच्यावरची रक्कम वरचा मजला चढण्यापूर्वीची आहे. वाचनालयातील पुस्तके, ध्वनिक्षेपक आणि संगणक यांचा तीत उल्लेखच नाही. वास्तूचे मूल्यांकन एखाद्या मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून घ्यावे आणि त्याच्या फीचा ठराव विश्वस्त मंडळाने करावा, असे पत्र आम्ही चिटणीसांना दिले आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय आहे. ज्यांच्याकडे बांधकामाच्या जुन्या पावत्या असतील, त्यांनी त्या सभेपूर्वी आणून द्याव्यात.