मागची फळी
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय, 'नवशिक्याने किटमधून बांधलेला व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायर'. काल इथे मधुमेहावर व्याख्यान होतं, खुर्च्या कमी पडल्या म्हणे. आज मागच्या तीन रांगा मोकळ्या आहेत, आणि भरलेल्या रांगांमधली निम्मी मंडळी माझ्या पुतणीच्या बँडची आहेत. (हशा) म्हणजे एका बाजूला गिटार कळणारे, दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकलेले, आणि मध्ये मी, बँकेतून निवृत्त झालेला, गिटार अजिबात न वाजवता येणारा. पण ज्याच्या आराखड्यावरून हा डबा बांधला, त्या लिओ फेंडरलाही गिटार वाजवता येत नव्हती. संगत वाईट नाही.

हा लिओ कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा. आधी त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, ॲम्प्लिफायर नंतर आले. हे लक्षात ठेवा, कारण मी पुन्हा इथेच येणार आहे. दुरुस्ती करणारा माणूस वस्तू बांधतो तेव्हा ती उद्या कुणालातरी उघडावी लागणार हे धरूनच बांधतो.

व्हॉल्व्हची कुळकथा तुम्हाला ठाऊकच आहे. १९०४ साली व्हॉल्व्ह काढणारा फ्लेमिंग, १९०६ साली त्यात जाळी घालणारा डी फॉरेस्ट, काचेच्या नळीत निर्वात, तापलेल्या कॅथोडमधून निघणारे इलेक्ट्रॉन, वाटेत जाळी. जाळीवरच्या इवल्याशा चढउताराने पलीकडचा मोठा प्रवाह हलतो. झालं. नऊ पानं मी लिहून आणली होती, ती सोडून देतो.

आमचं किट फेंडरच्या चॅम्पचं, ५एफ१ या जोडणीच्या नकाशाचं, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटचं. तीन व्हॉल्व्ह. १२एएक्स७ आवाज वाढवतो, ६व्ही६ स्पीकरला ढकलतो, ५वाय३ एसीचं डीसी करतो. जेमतेम पाच वॅट, आठ इंची स्पीकर आणि बटण एकच, आवाजाचं, त्यातच चालू-बंद. मुळात हा शिकाऊ मुलांसाठी स्वस्तात विकलेला ॲम्प. पण १९७० साली गिटारवादक एरिक क्लॅप्टनने 'लायला'चा अल्बम केला तो असाच चिमुकला चॅम्प वापरून, आणि तेव्हापासून पोरं याच्यामागे वेडी आहेत. पाच वॅट म्हणजे कमी असं वाटत असेल, तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. (हशा)

नवशिक्याने हेच किट का घ्यावं? कारण भाग मोजके, आणि सगळे डोळ्यांना दिसतात. पुतणीने एकेक रेझिस्टर मल्टिमीटरने मोजला, गणपतीच्या आराशीतून उरलेल्या थर्माकोलमध्ये खोचला आणि खाली आकडा लिहिला. मी म्हणालो, रंग वाचता येतात की. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे एक लाख ओहम, तपकिरी-हिरवा-लाल म्हणजे दीड हजार. ती म्हणाली, काका, ट्यूबलाइटखाली तुम्हाला लाल आणि नारिंगी वेगळे दिसतात का? मी विषय बदलला.

डाग द्यायचं काम माझं. कथील वितळवून जोडावर टाकायचं नसतं. आधी जोड तापवायचा, मग कथील जोडालाच टेकवायचं. ते आपसूक पसरतं, गरम तव्यावर तूप पसरतं तसं, राळेचा धूर नाकात जातो आणि डाग आरशासारखा चमकतो. गोळी होऊन बसला, राखाडी दिसला, तर तो ड्राय सोल्डर. आज चालेल, पावसाळ्यात खरखरेल. हे मला लहानपणी आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांनी शिकवलं. ते पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्ह टिचकवत आणि खरखर कुठून येते ते कान देऊन ऐकत...

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. असो, काका राहू देत.

तर, पहिल्यांदा चालू करायची रात्र. इथला प्रत्येक इलेक्ट्रिशियन ओळखतो ते सिरीज बोर्ड मी केलं, साठ वॅटचा पिवळा बल्ब ओळीत लावून. हल्ली तो बल्ब मिळवायलाच चार दुकानं फिरावी लागतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आमचा बल्ब भपकन पेटला आणि मंद झाला. टाळ्या. मग सरळ २३० वर लावला. व्हॉल्व्हच्या आत शेंदरी तार उजळली, दहा-पंधरा सेकंद शांतता, आणि मग जी किंकाळी सुटली! वहिनी आतून ओरडल्या, "कुकर बंद करा गं कुणीतरी!"

आता ऐका, इथे मला जरा सविस्तर सांगू द्या. मी म्हणालो, किटमधला भाग खराब आलाय. ठामपणे म्हणालो. बँकेत बत्तीस वर्षं लोकांच्या चुका शोधण्यात गेली की आपली चूक दिसायची सवय राहत नाही. तास-दीड तास मी कपॅसिटर बघितले, जोड पुन्हा तापवले. पुतणी नकाशा मांडीवर घेऊन बसलेली. तिने बटण फिरवून शून्यावर आणलं. किंकाळी तशीच. "काका, बटणाच्या आधी गडबड असती तर हा आवाज थांबला असता. म्हणजे गोंधळ बटणाच्या पुढे आहे." मग तिने प्लग काढून घेतला, कपॅसिटर रिकामे केले आणि स्पीकरकडून मागे येणाऱ्या बावीस हजार ओहमच्या रेझिस्टरचा एक पाय सोडवला. पुन्हा चालू केला. किंकाळी गायब! गिटारचा सूर स्वच्छ.

त्या रेझिस्टरमधून थोडा आवाज उलटा मागे आणून आधीच्या व्हॉल्व्हला लगाम घालतात. तो उलटा यायला हवा, आमच्याकडे सुलटा येत होता. म्हणजे लगामाच्या जागी चाबूक. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा, निळी आणि लाल, यांची अदलाबदल झाली होती. निळी ६व्ही६ च्या प्लेटला हवी. ती कुणी जोडली होती ते सगळ्या घराला माहीत होतं. हो, मीच. पण नकाशाची छपाई फिकट होती, हेही नोंदवून ठेवा. (हशा)

तारा बदलल्या, रेझिस्टर परत जोडला, साडेअकराला चॅम्प बोलू लागला.

आता माझा मुद्दा. हे तिला कसं जमलं? ती वाणिज्य शाखेची. जमलं, कारण नकाशा समोर होता. इथे तो रेडिओदुरुस्तीवाला लिओ पुन्हा आठवा. फेंडरच्या जुन्या ॲम्पमध्ये आतल्या बाजूला कुठला व्हॉल्व्ह कुठे याचा कागद चिकटवलेला असे. आणि नकाशा आपल्याशी लपाछपी खेळत नव्हता म्हणूनच १९६२ साली लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलच्या माणसांना फेंडरचा बासमॅन ॲम्प समोर ठेवून आपला पहिला ॲम्प करता आला. आपली बाजाची पेटी बघा. वरची फळी उचला, सूर समोर ओळीने मांडलेले, धूळ बसली तर पातळ पान सारून काढता येते. आणि माझ्या घरी गेल्या वर्षी घेतलेला चार्जिंगचा कंदील! स्क्रू एकही नाही, सगळा चिकटवलेला. दुकानदार म्हणाला, काका, हा उघडायचा नसतो, नवा घ्यायचा असतो. मंडळी, ज्याची मागची फळी निघत नाही ती वस्तू आपण विकत घेतलेली नसते, तिला नुसतं घरात राहायला दिलेलं असतं. मी तर म्हणतो की शाळेतल्या प्रत्येक...

घंटा? एवढ्यात? बरं. ॲम्पच्या घरघरीबद्दल बोलायचं राहिलं. एकाच वाक्यात: घरघर पन्नास हर्ट्झची असेल तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारांना पीळ नीट द्या, शंभरची असेल तर फिल्टरचे कपॅसिटर बघा. अमेरिकेहून किट मागवलंत तर ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा नाही ना, ते आधी विचारा. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आणि हे सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही, घंटा वाजली तरी. या ॲम्पच्या आत तीनशे व्होल्टच्या वर डीसी आहे. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये ते शिल्लक राहू शकतं. रेझिस्टर लावून रिकामे करा, मीटरने शून्य बघा, मगच बोट घाला. चालू असताना मोजायचंच असेल तर एक हात खिशात. पुतणीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. तेवढं श्रेय माझं.

आता ती वाजवेल. वाजवून झालं की मी प्लग काढीन, कपॅसिटर रिकामे करीन, मीटर लावीन आणि मागची फळी उघडीन. आत नकाशाची झेरॉक्स चिकटवलीय आणि तिच्यावर लाल शाईने पुतणीच्या अक्षरात लिहिलंय, 'निळी तार प्लेटला, काका'. ज्यांना बघायचंय त्यांनी रांगेने या.