बोअर मारण्याआधी खडकाला विचारा
(वणी-कोरपना भागातील कापूस-ज्वारी उत्पादकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाणी हवे झाले की आपण आधी पानाड्याकडे जातो, मग सावकाराकडे, मग बोअरच्या गाडीकडे. ज्याच्या पोटात पाणी आहे त्या खडकाला मात्र आपण काहीच विचारत नाही. गाडीवाल्याचा दर फुटावर असतो. पाणी लागो न लागो, त्याचे पैसे होतात. कोरड्या भोकाचे व्याज आपण फेडतो. म्हणून आज थोडा खडकाचा हिशेब मांडू.

महाराष्ट्रात शंभरातले 80 हून अधिक हिस्से जमीन ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाची आहे. वणी, झरी, कोरपना, राजुरा या पट्ट्यात तो पाषाण संपत येतो आणि खालचे गाळाचे खडक वर येतात: कुठे कामठीचा वालुकाश्म, कुठे चुनखडी, कुठे पाटीसारखा मातकट थर. वर सगळीकडे तीच काळी माती आणि तीच पऱ्हाटी. खाली मात्र शेजारच्या धुऱ्यापलीकडे दुसरेच राज्य असू शकते.

वालुकाश्मात पाणी वाळूच्या कणाकणांमध्ये साठते, म्हणून तो चांगला धरतो आणि चांगला देतो. पण तो ठिसूळ असतो. नुसते तोंडाशी केसिंग टाकून भागत नाही. पाण्याच्या थरासमोर जाळीचा पाइप हवा, नाहीतर वाळू ढासळून मोटर अडकते. चुनखडीत पाणी फटींत आणि पोकळ्यांत असते. एका बोअरला धो धो लागते, पन्नास फुटांवरचा कोरडा जातो. याच फटींतून उकिरड्याचे आणि खताचे पाणीही न गाळता खाली उतरते. मातकट थर पाणी धरतो, पण सोडत नाही. तिथे खोल जाणे म्हणजे पैसे पुरणे.

आता पाण्याच्या गुणाकडे येऊ. ‘जितके खोल तितके शुद्ध’ हा समज आपण टाकून दिला पाहिजे. खोलातले पाणी खडकात जास्त काळ मुरलेले असते, आणि खडकातले क्षार ते उचलते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्यापुढे पोरांच्या दातांवर डाग पडतात. फार वाढले आणि वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे आणि सांधे आखडतात. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. उलट साबणाला भरपूर फेस देणाऱ्या मऊ पाण्यात ते जास्त सापडते, कारण पाण्यात चुना कमी असला की फ्लोराइड विरघळलेलेच राहते. आणि मायबहिणींनो, उकळल्याने ते जात नाही. पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते.

असे सोडियमचे पाणी ओलितालाही बरे नाही. काळी माती त्याने घट्ट होते, निचरा थांबतो.

आता साठ्याचा हिशेब. 1,000 मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर सुमारे 40 लाख लिटर पाणी पडते. त्यातले शंभरात दहा हिस्से मुरले असे धरू. झाले 4 लाख लिटर. मोटर तासाला 20,000 लिटर उपसत असेल तर एकराची वर्षभराची मुरवण 20 तासांत संपली. उरलेला उपसा शेजाऱ्याच्या विहिरीतला किंवा आपल्या नातवाच्या वाट्याचा.

पण हा हिशेब एकट्या कास्तकाराने का द्यायचा? कोळशाची उघडी खाण चालते ती भोवतीचे पाणी उपसूनच. खाण जितकी खोल, तितका पाण्याचा ओढा तिकडे. किती उपसले आणि कुठे सोडले, याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे आलाच पाहिजे, ही आमची मागणी आहे.

आपल्या हातातली कामेही आहेत. बोअर मारताना दर दहा फुटांवरचा चुरा पिशवीत भरून फूट लिहून ठेवा. पुढच्याचा बोअर त्यावरून वाचेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला गावात बोलवा आणि गावाखालचा नकाशा मागा. प्रत्येक पिण्याच्या पाण्याची उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासणी करून घ्या, आणि अहवाल दप्तरात न ठेवता पंचायतीच्या भिंतीवर लिहा. जुनी विहीर बुजवू नका. उथळ विहिरीत बहुधा फ्लोराइड कमी असते. तिचा काठ बांधा, उकिरडा दूर न्या, पाणी तपासा आणि जंतू मारूनच प्या.

बियाणे घेताना आपण पिशवी उलटून पाहतो. बोअरला त्याहून कितीतरी जास्त पैसा जातो. तिथेही डोळे उघडे ठेवू या. खडकाची माहिती गावाची आहे, ती गावाच्या हातात आली पाहिजे.