तात्पर्य कोणी काढावयाचे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘रूपककथा आणि तिचे वाचक’ असे आम्ही सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. साहित्यशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. आमचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. परंतु एखादी गोष्ट सांगून माणसे कामावर परत पाठविता येतात का, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे, आणि तेवढ्यापुरते आम्ही बोलू.

इसवी सनापूर्वी ४९४ साली रोममध्ये जे घडले, त्याला संप म्हणावयास आमची तरी हरकत नाही. तिथला सामान्य माणूस लढाईवर जावयाचा आणि परत आला की सावकाराच्या हाती सापडावयाचा. कर्ज फिटले नाही तर माणूसच सावकाराकडे राबावयास जाई. शेवटी ही मंडळी शहर सोडून निघाली आणि तीन मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसली. लूट नाही, मारामारी नाही; नुसती बसून राहिली. सरदारांचे धाबे दणाणले. त्यांनी बोलणी करण्यास मेनेनियस अग्रिप्पा नावाचा गृहस्थ धाडला. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की, हा बोलण्यात पटाईत होता आणि मूळचा सामान्य लोकांतलाच होता. (बोलणी करावयास कुणाला पाठवावे, ही वरच्या मंडळींची पारख तेव्हापासून बदललेली नाही.)

त्याने गोष्ट सांगितली ती अशी. एकदा शरीराचे अवयव पोटावर रुसले. आम्ही राबावे आणि याने बसून खावे, हे काय म्हणून? हाताने घास उचलावयाचा नाही, तोंडाने घ्यावयाचा नाही, दातांनी चावावयाचा नाही, असे ठरले. पोटाला धडा शिकविता शिकविता सगळे शरीरच वाळून गेले. मग कळले की पोटही काम करते. खाल्लेले पचवून त्याचे रक्त सर्वांना पोचविते.

पुष्कळ पुस्तकांतून हा प्रसंग इथेच संपतो. लोक समजले आणि घरी गेले. लिव्ही मात्र पुढचेही लिहितो. लोक परतले ते तडजोड झाल्यावर. आपल्या रक्षणासाठी आपले स्वतःचे अधिकारी, ट्रिब्यून, निवडण्याचा हक्क त्यांना मिळाला. त्या अधिकाऱ्याच्या अंगाला हात लावावयाचा नाही आणि सरदार घराण्यातल्या माणसाला ती जागा द्यावयाची नाही, असे ठरले. म्हणजे लोकांनी गोष्ट ऐकून मान हलविली आणि करारही पदरात पाडून घेतला. शेक्सपिअरने ‘कोरिओलेनस’ नाटकाच्या आरंभीच हा प्रसंग घातला आहे. तिथे लोक धान्यासाठी उठले आहेत, आणि गोष्ट चालू असता जमावातला एकजण सारखा मध्ये तोंड घालतो. मेनेनियस त्याला या सभेचा पायाचा अंगठा म्हणून हिणवितो. ज्याच्यापाशी गोष्ट आहे त्याला मध्ये बोललेले खपत नाही, हे शेक्सपिअरला बरोबर ठाऊक होते.

आता इकडे येऊ. आमच्या कचेरीत रविवारी वाचन चालते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या पगारवाढीच्या बोलण्यांत व्यवस्थापकांनी हीच गोष्ट आम्हांला ऐकविली. अवयवांच्या जागी खाती घातली होती, एवढेच. म्हणून आम्ही मूळ गोष्ट रविवारी वाचून दाखविली आणि काय वाटते ते विचारले.

साठी उलटलेले एक गृहस्थ होते, १९८२ चा मुंबईचा गिरणी संप पाहिलेले. ते म्हणाले, “गोष्ट खोटी नाही हो. गिरणीला टाळं लागलं तेव्हा हे हात नुसते लोंबत होते.” पॅकिंग खात्यातल्या एक बाई म्हणाल्या, “पोट रक्त परत देतं म्हणता. बरं. पण हाताला किती आणि स्वतःला किती, हे मोजतंय कोण? घरात भाकरी मी वाढते. शेवटी कोण जेवतं ते मला विचारा.” सगळ्यांत मागे कंत्राटावरचा एक मुलगा बसला होता. तो म्हणाला, “भाऊ, आम्ही या गोष्टीत नाहीच. आम्ही हातमोजे. काम झालं की काढून ठेवतात.”

यांतला कोणता वाचक चुकला? आम्हांला तरी कुणी चुकलेला दिसत नाही. रूपककथा ऐकताना माणूस प्रथम आपली जागा शोधतो, आणि सांगणाऱ्याने नेमून दिलेलीच जागा तो घेईल असे नाही. त्या मुलाने तर गोष्टीत नसलेली जागा दाखविली. पोट आणि हात यांच्या भांडणाचे काय व्हावयाचे ते होवो, त्याला आधी अंगात घ्या, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या मते त्या दिवशीचे सर्वांत मोठे वाचन त्याचेच.

पंचतंत्रकारालाही हे उमगले होते. ग्रंथ राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सांगितलेला. पण त्यात कोल्हेसुद्धा एकमेकांना गोष्टी सांगतात. दमनक एकीवर एक सरस गोष्टी सांगतो आणि त्यांच्याच जोरावर पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडतो. संजीवक मारला जातो. करटकही शहाणपणाच्या गोष्टी सांगतो, पण त्यांचा उपयोग होत नाही. गोष्ट चांगली म्हणून सांगणारा चांगला, असे समजू नये, हे पहिल्याच तंत्रात आहे.

अलीकडच्या काळातले उदाहरण जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘ॲनिमल फार्म’चे. जनावरे माणसाला हाकलून शेत आपल्या ताब्यात घेतात आणि हळूहळू डुकरे त्यांची मालक होतात. रशियन क्रांतीची ही कथा, लिहिणारा स्वतः समाजवादी. १९४४ साली रशिया दोस्त राष्ट्र, म्हणून प्रकाशक कचरत होते. एका प्रकाशनसंस्थेच्या वतीने कवी टी. एस. एलियट यांनी नकार कळविताना लिहिले की, डुकरेच सर्वांत हुशार असल्याने शेत चालविण्यास तीच लायक. हवी होती ती लोकहिताची चाड असलेली डुकरे! पुस्तक ऑगस्ट १९४५ मध्ये निघाले. टीकाकार विल्यम एम्पसन यांनी ऑर्वेलना कळविले की, आमच्या लहान मुलाला हा हुजूरपक्षाचा जोरदार प्रचार वाटला आणि तो खूश झाला. पुढे १९५४ मध्ये त्यावर चित्रपट आला. त्यामागे अमेरिकन गुप्तहेरखात्याचा पैसा होता, आणि शेवट बदललेला होता: पुस्तकातली जनावरे खिडकीबाहेरून आत बघत राहतात, चित्रपटातली डुकरांवर चालून जातात. वाचकाने स्वतः निष्कर्ष काढावा एवढा धीर पैसे देणाऱ्यांना निघाला नाही.

खुद्द ऑर्वेल यांनी १९४६ साली एका अमेरिकन संपादकाला लिहिलेल्या पत्रात दुधाचा आणि सफरचंदांचा प्रसंग मोक्याचा म्हटला आहे. डुकरे ती आपल्यापुरती राखून ठेवतात. तेव्हाच इतर जनावरांनी पाय रोवले असते तर पुढचे टळले असते. अनेकांच्या नजरेतून हा प्रसंग निसटतो, कारण तो फार लहान आहे.

आमच्या रविवारच्या मंडळींच्या नजरेतून तो निसटला नाही. रशियाबद्दल कुणी एक शब्द बोलले नाही. त्या पॅकिंगमधल्या बाईंनीच विचारले, “आपल्या वर्गणीचा हिशेब वर्षातून एकदाच का वाचतात?” आम्ही सांगितले, नियमावलीत तसे आहे. त्या म्हणाल्या, “नियमावली कुणी लिहिली?” खोलीत हशा पिकला, आम्हीही हसलो, पण आमचे हसू थोडे उशिरा आले. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून दर महिन्याच्या सात तारखेला जमाखर्च कचेरीच्या फळ्यावर लागतो, आणि चहाच्या रकमेवर तिथे हटकून कुणीतरी बोट ठेवून उभे असते.