घरापासून कोठीपर्यंत

शेतावरील राहत्या घरात इंटरनेटची जोडणी आली, म्हणजे ती साऱ्या वस्तीत आली, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात दगडी भिंत आणि पत्र्याची शेड मध्ये आली की वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. गोठ्यावरील कॅमेरा किंवा प्रतवारीच्या शेडमधील संगणक यांच्यासाठी तार टाकणे हाच भरवशाचा मार्ग होय. ती कोणती टाकावी, एवढ्याच प्रश्नावर आज बोलणार आहे; कारण त्याचे चुकीचे उत्तर मी स्वतः दिलेले आहे.

आमच्या घरापासून जुनी धान्याची कोठी सुमारे ६५ मीटरांवर आहे. मुलीच्या अभ्यासासाठी ती साफसूफ करून दिली आणि आंब्याच्या फांदीवरून तांब्याची केबल ओढली. अशा केबलीत आठ तारांच्या चार पीळदार जोड्या असतात. (जोडीला पीळ देण्याची युक्ती ग्रॅहॅम बेल यांची, १८८१ सालची.) तिची मर्यादा १०० मीटर, म्हणजे अंतराच्या हिशेबात मी बरोबर होतो. दोन महिने काम उत्तम चालले. पुढे वळवाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली. ती आमच्या झाडावर नव्हे, दूरच्या बांधावर पडली. तरीही घरातील राऊटर आणि कोठीतील संगणक दोन्ही एकाच क्षणी गेले. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मुलगी भर पावसात सायकलने तालुक्याला गेली, तेव्हा कोठे अर्ज भरला गेला.

कारण साधे आहे. जवळपास वीज पडली की लांब धातूच्या तारेत क्षणभर मोठा दाब उत्पन्न होतो. शिवाय दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असेल, तर त्यांच्यातील विद्युतदाबाचा फरक त्या तारेवाटे वाट शोधतो.

म्हणून दोन इमारतींमध्ये काचतंतूची केबल टाकावी. काच वीज वाहत नाही. मात्र काही काचतंतू केबलींना आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते. तशी न घेता संपूर्ण अधातू केबल मागून घ्यावी, नाहीतर केलेला खटाटोप व्यर्थ. दोन्ही टोकांना प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी छोटी पेटी लागते व तिला वीजपुरवठा लागतो. केबलीची टोके कारखान्यातून जोडून आलेली असली, तर जोडकाम करणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. टोकाला बोट लावू नये आणि त्यात डोळा घालून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, परंतु डोळ्यास अपाय करू शकतो.

केबल उघडी पुरू नये. घुशींना ती कुरतडण्यास काही वेळ लागत नाही. दीड-दोन फूट खोल चर खणून जाड पाईपातून ती न्यावी आणि पाईपात नायलॉनची एक दोरी राहू द्यावी. पुढे दुसरी केबल ओढावयाची झाल्यास चर पुन्हा खणावा लागणार नाही. पंपाची वीजवाहिनी त्याच चरात नसावी. भिंतीत शिरण्यापूर्वी केबलीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथेच ठिबकून जाते. पाईपाची तोंडे बंद करावीत. आमच्या पाईपात पहिल्याच वर्षी मुंग्यांनी वारूळ केले होते.