पाळण्यांतलें नांव

लासलगांवच्या बाजार समितीच्या आवारांत सकाळीं कांद्याचा लिलाव सुरू झाला, म्हणजे एकेका वाहनांतील मालाचा भाव ठरत जातो, चिठ्ठी होते, आणि चिठ्ठीवर शेतकऱ्याचें नांव पडतें. भावाकडे लक्ष न देतां नुसतीं नांवेंच वाचावयाचीं म्हटलें तरी वेळ चांगला जाईल. कचरू, दगू, निवृत्ति, साहेबराव, दौलत, विठ्ठल हीं आजोबांच्या पिढीचीं नांवें. सुनील, संजय, राजेंद्र, मिलिंद हीं बापाच्या पिढीचीं. नातवंडांचीं नांवें अजून चिठ्ठीवर आलेलीं नाहींत. तीं शाळेच्या हजेरीपटावर आहेत : आरव, विहान, कियारा, मायरा. घर तेंच, अंगण तेंच, विहीरहि तीच. पण तीन पिढ्यांचीं नांवें तीन निरनिराळ्या मुलखांतून आल्यासारखीं दिसतात.

नांवाचा अर्थ विचारला कीं लोक कोश उघडतात. परंतु शब्दाचा अर्थ एक, आणि तें नांव ठेवण्याचें कारण दुसरें. शब्दाचा अर्थ कोशांत सांपडतो. कारण मात्र घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांनाच विचारावें लागतें, आणि तीं माणसें गेलीं कीं तें कारणहि जातें.

कचरू या नांवाचेंच पाहा. कचरा या शब्दाचा अर्थ सांगावयास पंडित नको. पण पोटच्या पोराला कचरा कोण म्हणेल? ज्या घरांत पाळणा एकदां नव्हे, तीनतीनदां रिकामा झाला, त्या घरांत हें नांव येत असे. देवी, पटकी आणि धनुर्वात यांच्यापुढें वैद्याचा उपाय चालत नसे. मग नवें मूल जन्मास आलें म्हणजे त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवीत, किंवा सुपांत घालून शेजारणीच्या ओटींत टाकीत आणि मूठभर धान्य देऊन तिच्याकडून परत घेत. काळाची दृष्टि मोलाच्या वस्तूवर जाते, टाकाऊ वस्तूवर जात नाहीं, ही त्यामागची समजूत. केरू, उकिरडा, दगडू हीं त्याच कुळांतलीं नांवें. धोंडूचें मात्र थोडें संदिग्ध आहे. तो धोंड्यासारखा टिकावा म्हणून धोंडू, कीं अधिक मासांत, म्हणजे धोंड्याच्या महिन्यांत, जन्मला म्हणून धोंडू, हें त्याच्या आईलाच ठाऊक. शहरांतील सुशिक्षितांना या नांवांचें हंसूं येतें. तें येऊं नये. मराठी भाषेंत याहून मायेचीं नांवें क्वचितच असतील.

भिकाजी हाहि यांचाच भाऊ : देवाजवळ भीक मागून मिळालेला. येथें एक मौजेचें साम्य आहे. कोंकण किनाऱ्यावर बेने इस्रायल या नांवाचा ज्यू समाज शतकानुशतकें राहिला. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुटी, म्हणून गांवकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांनीं आपलीं हिब्रू नांवें मराठी वळणावर आणलीं, आणि सॅम्युएलचा सामाजी झाला. इ. स. १७९६ मध्यें मुंबईस या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें, तें सामाजी हसाजी दिवेकर यांनीं. आतां सॅम्युएल या नांवाची कथा बायबलांत आहे ती अशी : हन्ना नांवाच्या स्त्रीला मूल होत नव्हतें, तिनें मंदिरांत रडून देवाजवळ मागणें मागितलें, मुलगा झाला, आणि देवाजवळ मागून घेतला म्हणून तिनें त्याचें नांव सॅम्युएल ठेविलें. म्हणजे कोंकणांतल्या एकाच आळींत एका दारीं सामाजी आणि दुसऱ्या दारीं भिकाजी खेळत असतील, तर दोघांच्या आयांनीं एकच गोष्ट सांगितली असती.

सर्वच नांवें भयांतून येत नाहींत. बहुतेक भक्तींतून येतात, आणि नाशिक जिल्ह्यांत तर त्यांची रेलचेल आहे. त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची समाधि असल्यामुळें या भागांत निवृत्ति हें नांव घरोघर सांपडतें. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई हीं चार भावंडांचीं नांवें ओळीनें म्हणून पाहावीं. विषयांपासून परतणें, ज्ञान, पायरी आणि मुक्ति असा परमार्थाचा सारा मार्गच तयार होतो. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. मल्हाररावांचें नांव मल्हारीचें, त्यांच्या पुत्राचें नांव खंडेराव. बापलेक दोघेहि एकाच खंडोबाच्या नांवाचे. लासलगांवाशेजारचें विंचूर ज्यांच्यामुळें इतिहासांत आलें, ते सरदार विठ्ठल शिवदेव : बाप शिवाच्या नांवाचा आणि लेक विठ्ठलाच्या, शैववैष्णवांचा वाद घरच्या उंबऱ्यांतच मिटलेला.

आणि भक्ति नेहमीं स्वधर्माच्या देवळांतच थांबते असेंहि नाहीं. मालोजीराजे भोसले यांनीं अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरास नवस केला आणि पुत्र झाल्यावर एकाचें नांव शहाजी व दुसऱ्याचें शरीफजी ठेविलें, अशी परंपरा आहे. साहेबराव, दौलतराव, गुलाबराव, फत्तेसिंह या अस्सल मराठमोळ्या वाटणाऱ्या नांवांतहि साहेब, दौलत, फत्ते हे शब्द मूळचे अरबी आणि गुलाब फारसी. यांत कोणाला कधीं परकें कांहीं वाटलें नाहीं. वाटण्याचें कारणहि नव्हतें.

नातवाला आजोबांचें नांव देण्याची रीत जुनी. पेशव्यांच्या घरांत बाळाजी विश्वनाथांचा नातू पुन्हां बाळाजीच झाला. पण या रीतींत एक अडचण होती. सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाहीं, मग स्वतःच्या मुलाला हांक कशी मारावयाची? नाना, तात्या, अप्पा, अण्णा, बाळ या घरगुती नांवांचा महाराष्ट्रांत जो सुकाळ आहे, त्याचें एक कारण हें. बाळाजी बाजीरावांना इतिहास नानासाहेब म्हणूनच ओळखतो. लोकमान्य टिळकांचें पाळण्यांतलें नांव पणजोबांवरून केशव ठेविलें होतें. घरांत बाळ म्हणत, आणि घरांतली हांकच देशानें उचलली.

कागदावर बारशाचें नांव मोठें निश्चित दिसतें. बाराव्या दिवशीं पाळणा सजतो, आत्याबाई बाळाच्या कानांत कुर्र करते, भोंवतालच्या बायका तिच्या पाठींत धपाटे घालतात, घुगऱ्या वांटल्या जातात, आणि नांव पक्कें झालें असें सर्व मानतात. परंतु तें पुसलें जाण्याचे प्रसंगहि रूढीनेंच ठरवून ठेविले होते. त्यांपैकीं एक दत्तविधान. मालेगांव तालुक्यांतील कवळाणें या खेड्यांत इ. स. १८६३ मध्यें जन्मलेला गोपाळ १८७५ मध्यें बडोद्यास दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. तें नांव त्याच्या आधींहि त्या गादीवर दोनदां येऊन गेलेलें होतें. निफाड तालुक्यांतील पिंपळगांव बसवंत येथें ज्यांचें बालपण गेलें, ते गजानन रंगनाथ शिरवाडकर काकांच्या घरीं दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. म्हणजे स्वतःचें आणि बापाचें, अशीं दोन्ही नांवें बदललीं. तिसरें नांव मात्र त्यांनीं आपल्या हातानें घेतलें. कुसुम ही त्यांची धाकटी बहीण. तिचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, तो कुसुमाग्रज. बहिणीच्या नांवावरून स्वतःचें नांव घेणारा भाऊ विरळाच म्हणावयाचा.

पुसण्याचा दुसरा प्रसंग लग्नाचा, आणि तो दत्तविधानासारखा क्वचित्‌ येणारा नव्हता. बहुतेक प्रत्येक मुलीच्या वांट्यास येणारा होता. तबकांत तांदूळ पसरीत, त्यांवर अंगठीनें नवें नांव लिहीत, आणि आठनऊ वर्षें ज्या नांवाला ती ओ देत आली तें त्या क्षणापासून माहेरीं राही. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म इ. स. १८४२ मध्यें निफाडचा. १८७३ मध्यें त्यांच्याशीं विवाह झालेल्या मुलीचें नांव यमुना होतें. जग तिला रमाबाई म्हणून ओळखतें. अमेरिकेंत जाऊन १८८६ मध्यें वैद्यकाची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी, त्याहि माहेरच्या यमुनाच. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका लग्नानंतर लक्ष्मी झाली, आणि 'स्मृतिचित्रें' या ग्रंथावर लक्ष्मीबाई टिळक हें नांव आलें. या नांवांबद्दल महाराष्ट्राला अभिमान आहे. पण त्यांतलें एकहि त्यांच्या आईनें पाळण्यांत घातलेलें नव्हे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. श्रोत्यांनीं आपल्याच घराण्याची वंशावळ काढून पाहावी. पुरुषांचीं नांवें दहा पिढ्यांचीं मिळतील. पणजीचें माहेरचें नांव सांगणारा एकहि निघणार नाहीं. आईच्या नांवाला कागदावर जागा मिळाली ती फार उशिरां : १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव असा क्रम महाराष्ट्र शासनानें ठरविला.

लासलगांवाहून फार लांब नाहीं त्या येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं धर्मांतराची घोषणा केली. १९५६ मध्यें नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि पुढच्या पिढीच्या बारशांत त्याचा पडसाद स्पष्ट उमटला : सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, संघमित्रा. मिलिंद हें नांव त्यांत विशेष चमत्कारिक. इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकांत वायव्येकडे राज्य करणारा मिनँडर हा ग्रीक राजा. नागसेन नांवाच्या भिक्षूला त्यानें जे प्रश्न विचारले, ते पाली ग्रंथांत उतरले आणि मिनँडरचा मिलिंद झाला. बाबासाहेबांनीं औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयाचें नांव मिलिंद, आणि त्याच्या परिसराचें नागसेनवन. गांवकुसाबाहेर ठेवलेल्या वस्तींतल्या पोरांना दुसऱ्यांनीं चिकटविलेलीं तुच्छतेचीं नांवें सोडून एका समाजानें प्रश्न विचारणाऱ्या राजाचें नांव घरांत आणलें. यामागचें कारण कोशांत कसें सांपडेल?

आतां नव्या नांवांविषयीं. नांवांच्या छापील आणि विजेऱ्या पडद्यावरच्या याद्या सर्वत्र मिळतात आणि त्यांत प्रत्येक नांवापुढें एक गोड अर्थ लिहिलेला असतो. आरव म्हणजे शांत, असें पुष्कळ याद्या सांगतात. संस्कृतांत आरव म्हणजे आवाज, ओरड. रात्रीं दोन वाजतां तान्ह्या बाळाचा अनुभव घेतलेल्या कोणाहि मातापित्यांस यादीपेक्षां संस्कृतच खरें वाटेल. विहान म्हणजे पहांट, हें मात्र बरोबर. कियारा हें नांव इटालीकडून आलें म्हणावें तर त्याचा अर्थ उजळ, आणि आयर्लंडकडून आलें म्हणावें तर काळी! मायरा हें नांव सोळाव्या-सतराव्या शतकांतील फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीनें आपल्या कवितेसाठीं रचलें असें मानतात. राजस्थानांत मात्र लग्नांत मामानें आणलेल्या आहेराला मायरा म्हणतात. परदेशी नांवांबद्दल तक्रार नाहीं. ज्या भाषेनें सामाजी आणि दौलतराव पचविले, तिला कियारा जड नाहीं. तक्रार असेल तर ती घाईची. दवाखान्यांतून निघण्यापूर्वींच नांव ठरलें पाहिजे असा कांहींचा समज असतो. तशी गरज नाहीं. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें जन्माची नोंद नांवाशिवाय होऊं शकते. बारा महिन्यांच्या आंत नांव विनाशुल्क घालतां येतें, आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. जन्माक्षराचा हट्ट असला तरीहि थोडा वेळ घ्यावा. आर्द्रेच्या एका चरणाला ङ हें अक्षर आहे आणि हस्ताच्या एका चरणाला ण. त्या अक्षरांपासून मराठींत नांव काढणारा अजून जन्मावयाचा आहे.

शेवटीं एका नांवाचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. तें नांव नकुशी, अथवा नकुसा. दोनतीन मुलींवर आणखी एक मुलगी झाली म्हणजे सातारा जिल्ह्यांत आणि इतरत्रहि हें नांव ठेवीत. दिसावयास तें कचरूच्या पंक्तीला बसणारें. पण कचरू म्हणतांना आईच्या मनांत उलट अर्थ असे. हें मूल जाऊं नये म्हणून ती त्याला टाकाऊ म्हणे. नकुशींत उलट अर्थ नाहीं. शब्द जें सांगतो तेंच ठेवणाऱ्याला म्हणावयाचें होतें. कचऱ्यासारख्या नांवाखालीं लपविलेला मुलगा शाळेंत हजेरी देतांना क्वचित्‌ लाजला असेल. नकुशीनें मात्र रोज सकाळीं 'हजर' म्हणून उठतांना सर्व वर्गासमोर आपण कोणाला नको होतों याची साक्ष दिली.

ऑक्टोबर २०११ मध्यें सातारा जिल्हा प्रशासनानें अशा अडीचशेंहून अधिक मुली शोधून त्यांचा नामकरणसमारंभ केला. चांगले कपडे घालून त्या ओळीनें उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातीं फुलांचा गुच्छ आणि नव्या नांवाचें प्रमाणपत्र देण्यांत आलें. कोणी चित्रपटांतील नटीचें नांव घेतलें, कोणी सावित्री झाली. हें बारसें पाळण्यांतलें नव्हतें, म्हणून नांव कोणतें हवें हें येथें मुलींनाच विचारतां आलें होतें.