मोबाइल हिसकावला, तर?



आकुर्डी, निगडी, रावेत.
कॉलेज सुटतं, मुलं स्टेशनकडे निघतात.
पाठीवर सॅक, फोन कानाला.
मागून दुचाकी येते, नि फोन गेलेला असतो!

पाठलाग करू नका.
दुसऱ्या कुणाच्या फोनवरून 112 फिरवा. एक, एक, दोन.

रूम चाकणला, कॉलेज आकुर्डीला, मग हद्द कुणाची?
ती काळजी तुमची नाही.
तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते.
ही 'झिरो एफआयआर'ची सोय 1 जुलै 2024 पासून थेट कायद्यातच आहे.

“जुनाच होता, जाऊ दे,” म्हणू नका.
त्यात तुमची बँक असते.

तक्रारीची प्रत घ्या.
ती जोडून सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर हँडसेट बंद करा.
त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो.
तो आजच वहीत उतरवा.
तो पाहायला फोनवर दाबा: स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश.